ड्रॉइंगवरची एक ओळ : वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्याच्या मोठ्या कारखान्यांच्या खरेदी विभागांना खुले पत्र

माननीय खरेदी-प्रमुख आणि व्हेंडर डेव्हलपमेंटचे अधिकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला जस्ताच्या प्लेटिंगचं, म्हणजे लोखंडी भागांवर जस्ताचा थर चढवण्याचं, छोटं युनिट चालवतो. तुमच्या गाडीला, पंपाला, स्विचगिअरला लागणारे बोल्ट, ब्रॅकेट, क्लॅम्प प्रेस शॉपमधून निघाले की आमच्याकडे येतात, आमच्या टाक्यांमधून फिरतात आणि चकचकीत होऊन तुमच्या असेंब्लीला जातात. बावीस माणसं कामाला आहेत. आयटीआय झाल्यावर मी दुसऱ्याच्या शेडमध्ये हेल्पर म्हणून लागलो, २००४ साली स्वतःची शेड टाकली. या धंद्यात पंचवीस वर्षं होऊन गेली.

गेल्या काही महिन्यांत तुमच्यातल्या तीन कंपन्यांकडून मला पर्यावरणाची प्रश्नावली आली. पाणी किती वापरता, वीज किती जळते, कचरा कुठे देता, पुढच्या पाच वर्षांचं उद्दिष्ट काय. त्यातल्याच एका कंपनीचं त्याच आठवड्यात दुसरं पत्र आलं, की या वर्षी दर चार टक्क्यांनी कमी करून द्या. दोन्ही पत्रं मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि त्या रात्री ठरवलं की आता लिहायचं. छोटा कारखानदार स्वच्छ उत्पादनाकडे नेमका कशामुळे वळतो आणि कशामुळे वळत नाही, हे मी स्वतःच्या शेडमध्ये पाहिलं आहे. ते तुमच्यापर्यंत जावं असं मनापासून वाटतं.

प्रश्नावल्या का येत आहेत ते मला कळतं. सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. युरोपने आयात होणाऱ्या पोलाद, ॲल्युमिनियमवर कार्बनचा हिशेब लावला. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, २०२६ पासून पैसे मोजायचे आहेत, आणि त्या यादीत पोलादी बोल्ट-नटसुद्धा आहेत. म्हणजे वाळूजच्या एखाद्या शेडमधला बोल्ट आता ब्रुसेल्सच्या कागदावर जाऊन पोहोचला. तुमच्यावर दबाव आहे, तो खाली आमच्यावर येणारच. येऊ द्या. मला त्याचं वाईट वाटत नाही, उलट बरं वाटतं. फक्त तो दबाव प्रश्नावलीच्या रूपात आला तर काही बदलत नाही, आणि पार्ट कसा करायचा ते सांगणाऱ्या ड्रॉइंगच्या रूपात आला तर सगळं बदलतं, हे मला तुम्हाला सांगायचं आहे.

मी हेल्पर होतो तेव्हाची गोष्ट आहे. जस्ताचा थर बसल्यावर जॉब, म्हणजे कामाला आलेले भाग, पॅसिव्हेशनच्या म्हणजे गंज अडवणारा शेवटचा पातळ थर देणाऱ्या टाकीत बुडवायचे. त्या टाकीत हेक्झाव्हॅलंट, म्हणजे सहा संयुजेचं, विषारी क्रोमियम असायचं. त्याने जॉबला इंद्रधनुषी छटेचा पिवळा रंग यायचा. गंजाला तो रंग फार चांगला अडवायचा. ओरखडा पडला तरी भोवतालचं क्रोम तिथे सरकून जखम भरून काढल्यासारखं करायचं. कामगाराच्या जखमेचं मात्र उलटं. हातमोजा फाटका असला, बोटाला बारीक चीर असली की तिथे गोल, खोल व्रण पडायचा आणि महिनोन् महिने भरायचा नाही. टाकीवरच्या वाफेने नाकातून रक्त यायचं. हेच क्रोम श्वासातून सतत गेलं तर फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे जगाला तेव्हाही माहीत होतं. आमच्यापर्यंत आलं नव्हतं. आमचे मुख्य प्लेटर, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो आणि जे पुढे माझ्याबरोबर माझ्या शेडमध्ये आले, त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर ते व्रण अजून आहेत.

त्या टाकीचं सांडपाणीही अवघड. आधी त्यात आम्ल घालून सामू दोन-तीनवर आणायचा, मग सोडियम मेटाबायसल्फाइट टाकून सहा संयुजेचं क्रोम तीन संयुजेचं करायचं, मग चुना टाकून सामू वर न्यायचा, तेव्हा कुठे गाळ खाली बसतो. एक पायरी चुकली की विषारी क्रोम पाण्याबरोबर पुढे गेलं. आणि पुढे म्हणजे कुठे? खाम नदी शहरातून येते, वाळूजच्या अंगाने खाली उतरते आणि गोदावरीला, पैठणच्या जायकवाडी धरणाच्या नाथसागराला मिळते. आपल्या घरी नळाला येणारं पाणी जायकवाडीचं. आपल्या कारखान्यांना येणारं पाणीही जायकवाडीचं. जे इथून सोडलं, ते पैठणला जाऊन आपल्याच नळाला परत येतं.

हे सगळं पुढे कळल्यावरही आम्ही पिवळं क्रोम का सोडलं नाही? कायदा होता, पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा १९७४ चा आहे. इलेक्ट्रोप्लेटिंग प्रदूषणाच्या दृष्टीने सर्वांत वरच्या, लाल वर्गात मोडतं. तपासण्या व्हायच्या. व्याख्यानं व्हायची, मी दोन-तीन ऐकली आहेत. तरी पिवळी टाकी होती तिथेच राहिली, कारण ड्रॉइंगवर लिहिलेलं असायचं : यलो पॅसिव्हेशन. ड्रॉइंगवर आहे ते द्यायचं. आम्ही वेगळं केलं असतं तर लॉट परत आला असता.

मग २००६ च्या सुमाराला एक दिवस नवीन ड्रॉइंग आलं. पार्ट तोच, मापं तीच. खाली सूचनांमध्ये एक ओळ बदललेली : पॅसिव्हेशन ट्रायव्हॅलंट (तीन संयुजेच्या क्रोमचं), हेक्झाव्हॅलंट क्रोमपासून मुक्त. युरोपने २००० साली जुन्या वाहनांच्या विल्हेवाटीचा निर्देश काढला होता आणि त्याच्या परिशिष्टाप्रमाणे १ जुलै २००७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांच्या गंजरोधक थरात हेक्झाव्हॅलंट क्रोम चालणार नव्हतं. निर्यात करणाऱ्या कंपन्यांनी ती ओळ ड्रॉइंगवर घातली, ड्रॉइंग त्यांच्या व्हेंडरकडे आलं, व्हेंडरकडून आमच्याकडे. तीन महिन्यांत आमची पिवळी टाकी रिकामी झाली. कोणी धाड टाकली नाही, कोणी भाषण दिलं नाही. जे वर्षानुवर्षं झालं नव्हतं ते एका ओळीने झालं.

सोपं नव्हतं ते. ट्रायव्हॅलंटचं रसायन महाग पडलं. पहिल्या दोन महिन्यांत सॉल्ट स्प्रेच्या, म्हणजे मिठाच्या पाण्याचा फवारा मारून गंज पाहण्याच्या, चाचणीत आमचे जॉब वेळेआधीच पांढरे पडायचे. रंग निळसर यायचा, कधी पिवळ्या ठिपक्यांचा. रसायन पुरवणाऱ्या कंपनीचा एक तरुण केमिस्ट आमच्या शेडमध्ये अकरा दिवस येऊन बसला. सामू, तापमान, बुडवण्याचे सेकंद, सगळं मामांच्या बरोबर उभं राहून वहीत लिहून काढलं. धुण्याचं पाणी खराब आहे हे त्यानेच दाखवलं. शेवटी वर सीलरचा एक हात द्यायचा ठरलं आणि जॉब पास व्हायला लागले. त्या कंपनीच्या खरेदी विभागाने नवीन प्रक्रियेचा दर मान्य केला होता, म्हणून मी ते दोन महिने सोसू शकलो. ती ओळ, तो दर आणि तो केमिस्ट, तिन्ही एकदम आले. यातलं एक जरी कमी असतं तरी मी जुन्या टाकीकडे परत गेलो असतो, हे प्रामाणिकपणे सांगतो.

मामा त्या वर्षी म्हणाले होते, "आता पोराला इथं लावायला हरकत नाही." त्यांचा मुलगा आज आमच्या लाइनचा सुपरवायझर आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाला २०१६ चा उन्हाळा विसरता येणार नाही. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने इथल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात निम्मी कपात करायला लावली, इतर उद्योगांनाही कपात लागली. आमच्यासारखे टँकरवर आले. टँकरचं पाणी बोअरचं, क्षारांनी भरलेलं. त्या पाण्यात धुतलेले जॉब वाळले की अंगावर पांढरे डाग. पैसे देऊन पाणी घ्यायचं आणि त्याच पाण्याने माल रिजेक्ट व्हायचा.

तोपर्यंत प्लेटिंग लाइनवर धुण्याच्या टाक्यांना पाण्याचा पाइप सोडून द्यायचा आणि वरून वाहू द्यायचं, अशीच आमची रीत होती. शेजारच्या गल्लीत एका पावडर कोटिंगवाल्याने तीन टाक्या जिन्यासारख्या लावल्या होत्या. मी जाऊन पाहिल्या. जॉब पहिल्या टाकीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत जातो. पाणी उलटं, तिसरीत स्वच्छ पडतं, तिथून दुसरीत, मग पहिलीत आणि तिथून बाहेर. बस, एवढंच. पण हिशेब करून पाहा. जॉबच्या अंगाला चिकटून एक लिटर रसायन बाहेर आलं आणि ते हजारपट पातळ करायचं आहे असं धरा. एकाच टाकीत करायचं तर १००० लिटर पाणी लागतं. दोन टाक्यांत उलट्या प्रवाहाने केलं तर साधारण ३२ लिटर. तीन टाक्यांत १० लिटर. प्रत्यक्षात इतकं नेमकं जमत नाही, जॉब दाटीने लावलेले असतात, पाणी नीट मिसळत नाही. पण माझे टँकर निम्म्याहून कमी झाले ते दोन जादा टाक्या आणि काही फूट पाइप यांच्यावर.

त्या टाक्या बसवण्याआधी मामा एक गोष्ट सांगत होते ती मी वर्षानुवर्षं ऐकून सोडून दिली होती. ते म्हणायचे, "मालक, रॅक उचलला की लगेच पळवू नका. निथळू द्या की जरा त्याला." बाथच्या, म्हणजे रसायनाच्या टाकीच्या, वर दहा-पंधरा सेकंद जॉब टांगलेला रॅक धरला तर अंगावरचं रसायन परत बाथमध्ये पडतं, धुण्याच्या पाण्यात कमी जातं. रसायन वाचतं, पाणी वाचतं, ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेवर, भार कमी येतो, स्लज म्हणजे गाळ कमी निघतो. फुकटची गोष्ट. पण उत्पादन मोजलं जायचं तासाला किती रॅक यावर, आणि तसं मोजलं की कामगार निथळायला थांबत नाही. मी २०१६ मध्ये मोजणी बदलली, रॅक उचलणाऱ्या हॉइस्टजवळ एक साधं घड्याळ टांगलं. स्वच्छ उत्पादनाची पहिली कल्पना बहुतेक वेळा टाकीवर उभ्या असलेल्या माणसालाच सुचलेली असते, आणि मालकाने ती ऐकायला दुष्काळ पडावा लागतो. याची मला आजही खंत आहे.

तर या दोन गोष्टींवरून मला जे उमगलं ते असं. पर्यावरणाला बरे असणारे बदल दोन जातीचे असतात. काही बदल स्वतःचे पैसे स्वतः काढून देतात. निथळणं, तीन टाक्या, कॉम्प्रेसरची गळती. रविवारी शेड बंद असताना कॉम्प्रेसर चालू करून नुसतं ऐकत फिरा, कुठून कुठून फुस्स आवाज येतो ते कळेल. ती सगळी वीज हवेत जात असते. जालन्याकडे बघा. तिथे मोडीच्या लोखंडापासून सळई होते. ज्यांची भट्टी आणि रोलिंग मिल एकाच आवारात आहे ते भट्टीतून निघालेली बिलेट, म्हणजे लोखंडाची लांब कांडी, थंड होऊ न देता गरमच रोलिंगला घालू शकतात, पुन्हा तापवायचं इंधन वाचतं. असले बदल करायला तुमचा दट्ट्या लागत नाही. त्यांना शेजाऱ्याचं उदाहरण लागतं आणि समजावून सांगणारा माणूस लागतो. मी तीन टाक्या पुस्तकात वाचून बसवल्या नाहीत, गल्लीतल्या माणसाच्या शेडमध्ये पाहून बसवल्या. त्याने मला त्याचं पाण्याचं बिल दाखवलं, तेव्हा विश्वास बसला. म्हणून एखाद्या हॉटेलातल्या व्हेंडर मीटपेक्षा मला अशी अर्ध्या दिवसाची शेडभेट दहापट मोलाची वाटते. मसिआ, सीएमआयए या आपल्या उद्योजकांच्या संघटना आहेत, मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे. वीस-वीस प्लेटर, कोटर, फोर्जिंगवाले घेऊन एकमेकांच्या शेड दाखवण्याचा कार्यक्रम यांच्याबरोबर तुम्ही ठरवला तर त्याला चहापलीकडे फारसा खर्च येणार नाही.

दुसऱ्या जातीचे बदल पैसे काढून देत नाहीत. ट्रायव्हॅलंट रसायन महागच राहतं. सायनाइडचा जस्त बाथ काढून सायनाइडविरहित बाथ घालायचा तर आधीची स्वच्छता फार चोख लागते, कारण सायनाइड स्वतः थोडं तेल-घाण खाऊन टाकतं, नवा बाथ खात नाही. ईटीपीचा स्लज हा धोकादायक कचरा. २०१६ च्या नियमांप्रमाणे तो सर्वसाधारणपणे ९० दिवसांपलीकडे आवारात ठेवता येत नाही, अधिकृत ठिकाणी वजन करून, कागद करून, भाडं भरून पाठवावा लागतो. याचा प्रत्येक किलो माझ्या खिशातून जातो आणि त्याबदल्यात मला काहीही परत मिळत नाही. नदीला मिळतं, गावाला मिळतं. तिथे शेजाऱ्याचं उदाहरण पुरत नाही. तिथे फक्त तुम्ही पुरता.

आणि इथेच तुमच्याकडून नकळत फार मोठं नुकसान होतं. तुम्ही तीन कोटेशन मागवता. एका शेडमध्ये ईटीपी रोज चालतो, स्लजचे कागद आहेत, कामगाराला हातमोजे, मास्क आहेत. दुसऱ्या शेडमध्ये ईटीपी आहे पण तपासणीच्या दिवशी चालतो. किलोमागे दर कोणाचा कमी येणार हे सांगायला नको. तुम्ही कमी दराला ऑर्डर देता तेव्हा तुम्हाला वाटतं आपण खर्च वाचवला. प्रत्यक्षात तो खर्च वाचलेला नसतो, कुठल्यातरी नाल्यात, कुठल्यातरी विहिरीत, कुणाच्यातरी बोटांवर उतरलेला असतो. माझ्याकडचं एक चांगलं काम, सहा वर्षं चालू असलेलं, असंच किलोमागे काही पैशांच्या फरकाने गेलं. मी त्या खरेदी अधिकाऱ्याला विचारलं की नवीन माणसाचा स्लज कुठे जातो ते पाहिलंत का. ते म्हणाले, "पर्यावरण तुमचा विषय आहे, माझा विषय रेट आहे." त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना वर्षअखेरीला कशाचे गुण मिळतात ते मला माहीत आहे. पण जोवर खरेदी अधिकाऱ्याचं काम फक्त दरावर तोललं जातं, तोवर प्रश्नावलीत मी काहीही लिहिलं तरी इथलं पाणी स्वच्छ होणार नाही.

म्हणून मागणं आहे, आणि ते अगदी साधं आहे.

दर ठरवताना आपण एक कॉस्टिंग शीट भरतो. त्यात जस्त असतं, वीज असते, मजुरी असते, वाहतूक असते. त्यात एक वेगळी ओळ घाला : पाणी शुद्धीकरण आणि स्लजची विल्हेवाट. ती रक्कम घासाघिशीच्या बाहेर ठेवा आणि तिच्या बदल्यात आमच्याकडून स्लज पाठवल्याचे कागद मागा. कागद नाही तर ती रक्कम नाही. जो खरोखर करतो त्याला मिळेल, जो करत नाही त्याचा स्वस्त दर आपोआप उघडा पडेल.

ऑर्डर किमान तीन वर्षांची द्या. नवीन ईटीपी, आरओ, छतावर सौर पॅनेल यांना कर्ज लागतं. बँकेचा साहेब मला पहिला प्रश्न विचारतो की काम किती वर्षांचं आहे. माझ्याकडे वर्षाची पर्चेस ऑर्डर, तीही शेड्युल बदलेल या अटीवर. सरकारच्या योजना आहेत. झेड (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट, म्हणजे मालात दोष नाही आणि पर्यावरणाला इजा नाही) प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के सवलत मिळते, लघुउद्योगाला ६० टक्के. ते चांगलं आहे, मी स्वतः कांस्य प्रमाणपत्र घेतलं आहे. पण प्रमाणपत्रामुळे कोणाकडून एक किलो काम वाढून आलं नाही. ज्या दिवशी तुम्ही म्हणाल की झेड असलेल्याला काम वाटताना पहिला मान, त्या दिवशी वाळूजमधल्या निम्म्या शेड अर्ज करतील.

पैसे वेळेवर द्या. २००६ च्या एमएसएमई कायद्यात जास्तीत जास्त ४५ दिवस लिहिलेले आहेत, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. आयकरातही आता तरतूद आली आहे की मुदतीत दिलं नाही तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा धरता येतो. पण व्याज मागणाऱ्या प्लेटरला पुढची ऑर्डर कोण देईल? तो हक्क कागदावरच राहतो. पर्यावरणाशी याचा काय संबंध असं वाटेल. संबंध असा आहे की ज्या महिन्यात पैसे अडकतात त्या महिन्यात माणूस पगार थांबवत नाही, वीज बिल थांबवत नाही, ईटीपीचं रसायन आणायचं थांबवतो. हे मी इतरांच्या शेडमध्ये पाहिलं आहे आणि एका वाईट महिन्यात माझ्या मनातही आलं होतं. त्या महिन्यात मामांनी ईटीपीच्या टाकीजवळ खुर्ची टाकून बसून घेतलं होतं.

आता एक गोष्ट जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि जी कुठल्याही प्रश्नावलीत मी पाहिली नाही. आमच्याकडचं बरंच प्रदूषण तुमच्याकडे जन्माला येतं. प्रेस शॉपमधून जॉब येतात ते घट्ट, चिकट तेलात माखलेले. गंज लागू नये म्हणून तुम्ही जाड तेल लावता, कारण माल गोदामात दीड महिना पडून असतो. ते तेल काढायला आमचं डीग्रीझिंग दुप्पट लागतं, आणि ते सगळं तेल शेवटी आमच्या सांडपाण्यात उतरतं. हलकं, पाण्याने निघणारं तेल वापरलंत, माल आठवड्यात पाठवलात, तर आमची एक टाकी कमी होईल. कधी माल गंजून येतो, मग आम्हाला ॲसिडमध्ये जास्त वेळ ठेवावा लागतो, ॲसिड लवकर मरतं, लोखंड गाळात जातं. हे तुमच्या गोदामातलं छप्पर नीट केलं तरी सुटेल.

आणि डिझाइन. एक कपासारखा ब्रॅकेट आमच्याकडे येतो, खोलगट, खाली बंद. रॅकवर कसाही लावला तरी त्यात अर्धी वाटी रसायन बसतं. ते बाथमधून निघून धुण्याच्या टाकीत, तिथून पुढच्या बाथमध्ये. दिवसाला असे हजारो. मामांनी कितीही सेकंद धरलं तरी तो निथळत नाही. त्याच्या तळाला पाच मिलिमीटरचं एक भोक असतं तर सगळं रसायन जागच्या जागी परत पडलं असतं. त्या भोकाने पार्टच्या ताकदीला काही होत असेल तर तुमचे इंजिनिअर सांगतील. मला वाटतं होणार नाही. मी चार वर्षांपूर्वी तोंडी सांगितलं होतं. उत्तर आलं की ड्रॉइंग बदलायला मुख्यालयाची परवानगी लागते. २००६ मध्ये ड्रॉइंग बदललं होतं तेव्हाही परवानगी लागलीच असेल.

काही ड्रॉइंगवर पिवळं पॅसिव्हेशन आजही आहे. वाहनांचं काम सोडून शेतीची अवजारं, काही पंप, काही फॅब्रिकेशन. तिथे युरोपची सक्ती पोहोचली नाही. मी एकदा विचारलं की पिवळंच का. उत्तर आलं की गिऱ्हाइकाला सवय आहे, पिवळा दिसला की शेतकऱ्याला माल पक्का वाटतो. मीही शेतकऱ्याचा मुलगा आहे, गंगापूर तालुक्यातला. शेतकऱ्याला जर सांगितलं की हा पिवळा रंग लावताना कुणाच्यातरी बोटांवर व्रण पडतात आणि तेच पाणी खाली गोदावरीत उतरतं, तर तो निळसर बोल्ट आनंदाने घेईल. त्याला कोणी विचारलेलंच नाही. पिवळाच रंग हवा असेल तर ट्रायव्हॅलंटवर रंग चढवूनही तो मिळतो. ते काम आम्ही बंद केलं, गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. म्हणजे पिवळी टाकी वाळूजमधून गेली नाही, माझ्या शेडमधून शेजारी गेली एवढंच. मी एकटा ती टाकी बंद करू शकत नाही. ज्याच्या हातात ड्रॉइंग आहे तो करू शकतो.

१९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला, त्यानंतर या माळावर शेकडो छोट्या शेड उभ्या राहिल्या. आता शेंद्रा, बिडकीनकडे नवीन मोठे कारखाने येत आहेत, त्यांच्यामागे पुन्हा प्लेटर, कोटर, फोर्जिंगवाले येतील. त्यांची पहिली ड्रॉइंगं आत्ता कुठल्यातरी संगणकावर काढली जात असतील. त्यांत जे लिहिलं जाईल तेच पुढची तीस वर्षं तिथल्या टाक्यांमध्ये राहील, कारण एकदा टाक्या बसल्या, बाथ भरला, माणसं त्या पद्धतीला सरावली की बदलायला फार जड जातं, हे माझ्या पहिल्या दोन महिन्यांनी मला शिकवलं आहे.

प्रश्नावल्या मी भरून पाठवल्या आहेत, तिन्ही कंपन्यांच्या. जिथे आकडा मोजलेला होता तिथे तो लिहिला, मोजलेला नव्हता तिथे तसं लिहिलं. एक विनंती आहे : तिन्ही मिळून एकच प्रश्नावली करा आणि मराठीत करा. आमच्याकडे ती भरायला माझी मुलगी बसते, पण पाण्याचा मीटर मामांचा मुलगा वाचतो. त्याला प्रश्न कळला तर आकडा खरा येईल.

आणि एकदा स्वतः या. ऑडिटला नव्हे, कुठल्याही कामाच्या दिवशी, सकाळी दहाच्या आत, म्हणजे बाथ गरम होत असतो आणि सगळी लाइन चालू व्हायची असते. खरेदीचा माणूस आणि डिझाइनचा माणूस दोघे बरोबर या. मामा आता निवृत्त आहेत, पण तुम्ही येणार म्हटलं तर येतील. तो कपासारखा ब्रॅकेट तुमच्यासमोर बाथमधून वर काढून दाखवतो. येताना त्याचं ड्रॉइंग तेवढं घेऊन या.

आपला,
वाळूज औद्योगिक वसाहतीतला एक प्लेटर